आपोआपचं दार

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडम दारांशी भांडायच्या. माणसांशीही भांडायच्या, पण ते काय, सगळेच भांडतात. दारांशी भांडणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. पावसाळ्यात प्रयोगशाळेचं दार फुगून बसलं की मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहायच्या, दोन्ही हातांत भिंगांच्या पेट्या, आणि दाराला म्हणायच्या, "उघडतं का सुताराले बोलावू?" मग पाठ फिरवून असा धक्का द्यायच्या की शेजारच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या माझ्या हातातला खडू पडायचा.

खामगावातल्या त्या कॉलेजात मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. मॅडम स्टाफरूमकडे येताना दिसल्या, हातात पेपरांचे गठ्ठे. मी आपला धावत गेलो आणि दार उघडून धरलं. वाटलं, दोन गोड शब्द ऐकायला मिळतील.

"काऊन उघडलं?"

"तुमचे हात भरलेले होते म्हणून."

"मंग? मी म्हटलं होतं का उघडा म्हणून?"

मी खजील होऊन दार लावून घेतलं. त्यांनी ते कोपरानं ढकललं, आत आल्या आणि माझ्याच शेजारी बसून मला शेंगदाणे दिले. राग नव्हता. दाराच्या बाबतीत त्यांचे काही नियम होते आणि ते मला माहीत नव्हते, एवढंच. आपल्या मागून कुणी येत असेल तर दार धरून ठेवायचं, हे माणुसकीचं. पण कुणासाठी उठून दार उघडून द्यायचं, हे त्यांना चालत नसे. यातला फरक काय, असं मी एकदा विचारलं. "मराठीच्या मास्तराले फरक मी समजावून सांगू काय?" म्हणाल्या आणि विषय संपला. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी बोलत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी सुरू.

दारांना त्या गुण द्यायच्या. लग्नाला गेल्या की नवरा-नवरी राहिले बाजूला, मंगल कार्यालयाचं दार कसं आहे ते आधी पाहायच्या. आमच्या प्राचार्यांच्या केबिनचं दार त्यांच्या मते नापास होतं, कारण ते ढकलायचं की ओढायचं हे ते दार बाहेरून कळू देत नव्हतं. "आतल्याले सगळं माहीत असते आन् बाहेरचा बह्याड ठरते. असं दार नापासच." हे त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं. प्राचार्य हसले, पण दार तेच राहिलं.

एकदा आम्ही सहकुटुंब शेगावला दर्शनाला निघालो तर मॅडम म्हणाल्या, मीही येते. मला नवल वाटलं, कारण त्या बौद्ध कुटुंबातल्या, शिवाय देवळाच्या वाटेला जाण्यातल्या नव्हेतच. उलगडा शेगावात पोचल्यावर झाला. एका नव्या लॉजला सरकतं काचेचं दार बसवलं होतं. आम्ही दर्शनाच्या रांगेत आणि मॅडम लॉजच्या रिसेप्शनवरच्या सोफ्यावर. परत येऊन पाहतो तर मॅनेजर त्यांना चहा पाजतोय. त्याला वाटलं होतं की या वरून तपासणीला आल्यात. मॅडमनी तो गैरसमज दूर केला नव्हता, उलट दाराच्या खालच्या खाचेत धूळ फार आहे म्हणून त्याला झापलंही होतं.

मग तसलंच दार खामगावात आलं. मेन रोडवर कपड्यांचं मोठं दुकान निघालं, मालक मॅडमचाच जुना विद्यार्थी. खेड्यावरून बाजाराला आलेली माणसं त्या दारासमोर चपला काढून उभी राहायची. काचेपलीकडे एवढा उजेड आणि एवढी चकचकीत फरशी म्हणजे देऊळ तरी असणार, नाहीतर साहेबाचं ऑफिस. दार सर्रकन बाजूला झालं की ती आधी मागे वळून पाहायची, की आपल्यामागून कोण मोठा माणूस आला. कुणीच नाही म्हटल्यावर हळूच आत शिरायची. मॅडम समोरच्या रसवंतीत बसून हे पाहत राहायच्या. उसाचा रस कोमट व्हायचा. एकदा डोक्यावर गठुडं आणि कडेवर नातू घेतलेली एक म्हातारी, हात लावायला हात शिल्लक नसलेली, त्या दारातून तशीच थेट आत गेली. मॅडमनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "पाह्यलं? तिनं काही मागितलं नाई आन् त्यानं काही विचारलं नाई."

आठवड्याभरात बारावीचा अख्खा वर्ग त्या दुकानासमोर उभा होता. शैक्षणिक सहल म्हणे! प्राचार्यांची परवानगी काढली होती, मालकाची नव्हती. मॅडमनी पोरांना ओळीनं उभं केलं आणि दाराच्या माथ्यावरचा काळा डबा दाखवला.

"या डब्यातून लाटा निघतात, आपल्याला न दिसणाऱ्या. चालत्या माणसाला आपटून त्या परत येतात तेव्हा थोड्या बदललेल्या असतात. तेवढ्या बदलावरून डब्याला कळतं की कुणीतरी येतंय. मग वरची मोटर फिरते, पट्टा ओढला जातो आणि दोन्ही काचा रुळावरून बाजूला सरकतात. कोण येतंय, हे मात्र डब्याला कळत नाही." मग पुस्तकी भाषा सुटली. "आन् कळाले बी नाई पायजे."

मग प्रयोग. एकाला धावत पाठवलं, दार उघडलं. एकाला छत्री उघडून पाठवलं, उघडलं. एक कुत्रं आपणहून गेलं, त्यालाही उघडलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका दांडगटाला मॅडमनी दारासमोर पुतळ्यासारखं उभं केलं. दार उघडलं, थोडं थांबलं आणि पोरगा समोर असूनही मिटलं. "हलला नाहीस ना? मग त्याच्या लेखी तू नाहीसच." एक मुलगी घाबरून म्हणाली, मधेच मिटलं तर माणूस चेंगरेल की. तर गुडघ्याच्या उंचीवर इकडच्या चौकटीतून तिकडच्या चौकटीत जाणारा आणखी एक किरण आहे, तो अडला की दार मिटत नाही, हे मॅडमनी स्वतः मधोमध उभं राहून दाखवलं. दुकानातली थंड हवा रस्त्यावर, रस्त्यावरची धूळ साड्यांवर. मालक गल्ल्यावरून उठून आला, समोर मॅडम पाहिल्या आणि गपचूप हात जोडून परत जाऊन बसला. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आयुष्यभर असाच वागायचा.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नव्हतं.

निवृत्तीनंतर मॅडम रोज संध्याकाळी गावातल्या वाचनालयात यायच्या. मीही यायचो. त्या एकट्या राहायच्या, लग्न केलं नव्हतं, आणि ते वाचनालय म्हणजेच त्यांचं घर होतं म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यातली खुर्ची ठरलेली. मासिकं वाचायच्या, स्पर्धा परीक्षांच्या पोरांची गणितं न विचारता तपासायच्या आणि चुकली की खोडरबर फेकून मारायच्या. वाचनालयाचं दार तेव्हा दिवसभर उघडं असे, खाली वीट लावून. मग एका दानशूरानं एसी दिला. एसी आला म्हणून वीट गेली आणि काचेचं जड दार आलं, बाहेरच्या बाजूला ओढून उघडायचं, सोडलं की धाडकन मिटणारं. त्याच उन्हाळ्यात मॅडम मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी त्या वॉकर घेऊन आल्या. चौपायी वॉकर, दोन्ही हातांनी धरायचा. नियमाप्रमाणे बांधलेला उतार होता, त्यावरून चढून दारापर्यंत आल्या. दाराची मूठ धरायची तर एक हात सोडायला हवा, दार ओढायचं तर मागे सरकायला हवं. प्रयत्न केला. जमलं नाही. वाचनालयाचा शिपाई आत पुस्तकं लावत होता, पोरं माना खाली घालून वाचत होती आणि मी त्या दिवशी उशिरा पोचलो. पोचलो तेव्हा त्या उतारावरून परत निघाल्या होत्या.

"अहो, आवाज द्यायचा ना!"

"नाई."

रिक्षात बसेपर्यंत एवढाच शब्द. शिपायाला कळलं तेव्हा तो बिचारा त्यांच्या घरी गेला, मीही तिथंच होतो. "मॅडम, मी आहो ना तिथं. तुमी नुसती हाक मारा, मी दौडत येतो." मॅडमनी त्याला चहा दिला, त्याच्या मुलीची चौकशी केली आणि नको म्हणाल्या.

तो गेल्यावर मी जरा चिडूनच बोललो. एवढा ताठा काय कामाचा, माणूस प्रेमानं म्हणतोय. तेव्हा मॅडमनी देऊळघाटच्या आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी शेतीच्या कामाला एका मोठ्या घरी जायची. मागच्या दाराशी उभं राहायचं. कडी वाजवायची नाही, कडीला हात लावायचा नाही. "माय, मी आली वो," म्हणून हाक मारायची आणि थांबायचं. घरातल्यांचं जेवण आटोपलं, झोप झाली की मग ते दार उघडायचे. लहानपणी मॅडम तिचं बोट धरून त्या दाराशी उभ्या राहिल्या होत्या.

"माही आजी थांबण्यात लय हुशार होती," मॅडम म्हणाल्या. "मले नाई जमत. शिपाई चांगला माणूस आहे, सर. पण तो जेवाले गेला की मी थांबायचं. तो आजारी पडला की मी थांबायचं. म्हणजे मी आत जाईन का नाई, हे त्याच्यावर. जाईन तर माह्या पायानं जाईन, नाईतर नाई जाणार."

मी चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे तेलाच्या गिरणीतून निवृत्त झालेले व्यापारी, माणूस सज्जन पण कुठल्याही कामाला आधी नाही म्हणायची सवय. वाचनालयाला आपोआपचं दार बसवा म्हणून मॅडम फोनवरून त्यांच्या मागे लागल्या. सकाळी पूजेला बसायच्या आधी फोन, दुपारी डोळा लागायच्या सुमारास फोन.

"लाईन गेली तर काय कराचं, मॅडम?"

"बॅटरी असते त्याले."

"बॅटरी बी संपली तर?"

"हातानं सरकते. तुमच्या दारासारखं अंगावर येत नाई."

"पण एका माणसासाठी एवढा खटाटोप..."

"एका माणसासाठी? उद्या तुमचा गुडघा जाईन तवा?"

अध्यक्षांचा गुडघा आधीच कुरकुरत होता. ते नरमले. दाराचा प्रश्न मॅडमनीच सोडवला. कपड्याच्या दुकानदारानं दुकान वाढवलं तेव्हा जुनं दार काढून गोदामात टाकलं होतं. मॅडम वॉकर घेऊन त्याच्या गल्ल्यासमोर जाऊन बसल्या आणि दार वाचनालयाला मिळेपर्यंत उठल्या नाहीत. तो बिचारा पहिल्या वाक्यालाच हो म्हणाला होता. पण दार गोदामातून बाहेर निघालेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मॅडमना पटत नव्हतं.

दसऱ्याला दाराचं उद्‌घाटन झालं. अध्यक्षांच्या पत्नीनं स्वतः विणलेलं लोकरीचं तोरण चौकटीवर बांधलं गेलं, लांब गोंडे, गोंड्यांत आरसे. नारळ फुटला, आपट्याची पानं वाटली गेली. मॅडम नव्हत्या. नेमका त्याच आठवड्यात पाय सुजला आणि डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दार आपोआप उघडायला लागलं. म्हणजे ते आपोआपच उघडायचं होतं, पण कुणी नसताना नाही. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पोरांना आधी मजा वाटली, मग वैताग आला. एसीची हवा बाहेर जाऊन आत घाम. शिपायानं लिंबू-मिरची आणून टांगली, तर उघडझाप आणखी वाढली. अध्यक्ष म्हणाले, "बाप्पा, याच्यापेक्षा ती वीट बरी होती. काढून टाका हे." कमिटीत तसं ठरतही आलं.

मी मॅडमना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या एकच प्रश्न विचारला, "दारावर काय टांगलं आहे?"

तोरण! गोंडे हलले की डब्याला वाटायचं कुणी आलं. दार उघडलं की हवा वाहायची, हवेनं गोंडे पुन्हा हलायचे. सुरू झालं की थांबायचं कारणच नव्हतं. मी धावत वाचनालयात गेलो, पण तोवर अकोल्याहून मेकॅनिक येऊन गेला होता. त्यानं डब्याची नजर कमी केली होती. आता तोरण कितीही हलो, दार शांत. माणूस आला की मात्र उघडायचं. लिंबू-मिरचीही उतरली. सगळे खूश, मीही खूश. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसत्या कपाळाला आठ्या घातल्या.

दिवाळीच्या आधी त्या आल्या. मी बरोबर होतो, पण त्यांनी मला मागे राहायला सांगितलं होतं. उतारावरून चढल्या. वॉकर उचलायचा, पुढे टेकवायचा, एक पाय, मग दुसरा पाय. दारासमोर पोचल्या.

दार उघडलं नाही.

आतून पोरं पाहत होती. अध्यक्ष पाहत होते. मॅडम एक पाऊल मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. दार ढिम्म. कुत्र्यासाठी उघडणारं ते दार, छत्रीसाठी उघडणारं ते दार. मॅडमची चाल तोरणाच्या हलण्याएवढीच हळू होती आणि तेवढं हलणं न पाहायला त्याला शिकवलेलं होतं. शिपाई आतून झेपावला. तो जवळ येताच दार सर्रकन उघडलं.

"मांगं हो!" मॅडम ओरडल्या. "तुह्यासाठी उघडलं ते. मी नाई जात त्याच्यातून."

शिपाई मागे सरला, दार मिटलं. मी मागून म्हणालो, "मॅडम, नुसता हात हलवा जरा, उघडेल."

त्या वळल्या नाहीत. "हात हालवून मी कोणाले बोलावत नसते. मी चालून राह्यली ना? मंग ते त्याले दिसलं पायजे."

आणि पुन्हा पुढे. पुन्हा मागे. कपाळावरून घाम गळत होता. मला रडू आवरेना आणि त्यांचा रागही येत होता. डब्याची नजर वाढवायची तर तोरण काढावं लागणार, हे आता अध्यक्षांनाही समजलं. काचेच्या फटीतून ते म्हणाले, "मॅडम, दसऱ्याचं तोरण दिवाळीआधी उतरवत नसतेत वो. आन् हिनं हातानं विणलं. मले घरात जेवाले भेटणार नाई."

"मी कुठं म्हटलं उतरवा?" मॅडम म्हणाल्या. खरंच म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त वॉकर उचलला आणि पुन्हा पुढे टेकवला.

अध्यक्षांनी हे किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मग त्यांनी शिपायाला स्टूल आणायला लावलं, बाहेर आले आणि कुरकुरता गुडघा घेऊन स्वतः वर चढले. तोरणाची गाठ सोडली आणि ते गळ्यात अडकवलं, कारण खाली कुणाच्या हातात द्यावं हे त्यांना सुचेना. गोंडे पोटावर लोंबत होते. "आता सांगा, काय करू?"

"डब्याचं झाकण काढा. आत बारका स्क्रू आहे, जपून फिरवा." शिपायानं टेस्टर दिला. तेलाच्या व्यापारात आयुष्य गेलेला तो माणूस, एका डोळ्यानं स्क्रू पाहत आणि दुसऱ्यानं मॅडमकडे, फिरवत राहिला. "बस," मॅडम म्हणाल्या. झाकण लागलं. स्टूल हटलं.

मॅडम मात्र होत्या तिथून पुढे गेल्या नाहीत. वळल्या आणि उतारावरून खाली निघाल्या. अगदी रस्त्यापर्यंत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता घरी जाणार. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, दम घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वॉकर, पाय, पाय. आम्ही तिघं उताराच्या कडेला भिंतीला चिकटून उभे, श्वास रोखून, आमच्या हलण्यानं दार उघडू नये म्हणून.

त्या दारापासून हातभर अंतरावर आल्या आणि दोन्ही काचा बाजूला झाल्या.

मॅडम घाई न करता आत गेल्या. त्या पूर्ण आत जाईपर्यंत दार थांबून राहिलं आणि मग मिटलं. आतल्या एका पोरानं टाळी वाजवली, मग सगळा हॉल वाजवायला लागला. मॅडम थांबल्या.

"टाळ्या कायले वाजवता बे? दार उघडलं फक्त. ते उघडन आता, रोज उघडन. वाचा चुपचाप. मी आली तर मान वर कराचं काही कारण नाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. पाठीमागे दार सरकल्याचा आवाज आला. मग वॉकरची टकटक, सावकाश, माझ्या खुर्चीमागून गेली आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. हॉलमधल्या एकानंही मान वर केली नाही. मीही नाही. फार जड गेलं, पण नाही केली.